डबा काढ, छंद ठेव

पत्र

ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो, वय २६, उद्यमनगरात एका मशिन शॉपमध्ये कामाला आहे. जर्मनीत असणारा मावसभाऊ सुट्टीला आला होता, त्यानं जिओकॅशिंग, म्हणजे लपवलेले डबे जीपीएसवर शोधायचा खेळ, शिकवलं आणि तेव्हापासून नाद लागला. आता आम्ही पाच जण आहोत. पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर डब्यांची एक मोठी मालिका करायची आणि एक डबा दाजीपूरच्या जंगलात ठेवायचा, असा बेत आहे. नमुन्यादाखल उन्हाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर एका डबक्याजवळ दगडाखाली एक डबा ठेवला. ॲपवर तो मंजूर झालेला नाही, कारण ते जागेची परवानगी विचारतायत. म्हणून लोकेशन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. पावसाळ्यात बरीच पोरं जाऊन आली.

गेल्या रविवारी आम्ही गेलो तर तिथल्या धनगर मामांनी आम्हाला धरलं. ‘काय हरवलंय रं पोरांनू? धोंडं कशाला उलथं करालाय?’ म्हणाले. बघितलं तर खरंच आजूबाजूचे सगळे दगड पालथे पडलेले. मला वाईट वाटलं. पण आमच्यातला एक म्हणतो, तिथं गुरं फिरतात, जीपगाड्या फिरतात, आपल्या एका डब्यानं काय आभाळ कोसळणार आहे? त्याचंही पटतं. डबा ठेवू का काढू? का हा छंदच सोडू? आणि डब्यात काय ठेवलेलं चालतं? आई म्हणते, राजगिऱ्याची चिक्की ठेव.

— लपवणारा, राजारामपुरी

उत्तर

आधी निकाल सांगते, मग कारणं. मामांचं बरोबर आहे. मसाईवरचा डबा काढ, दाजीपूरचा विचार डोक्यातून काढ आणि छंद मात्र सोडू नकोस. मोबाइलमध्ये डोकं घालून बसणाऱ्या पोरांना त्याच मोबाइलनं डोंगरात नेणारा खेळ आहे हा. तो बंद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही.

ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. कुणीतरी कुठेतरी एक डबा लपवतो, त्यात एक छोटी वही ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे फोनमधल्या जीपीएसवर तो डबा शोधतात, वहीत सही करतात आणि डबा होता तिथं परत ठेवतात. मे २००० मध्ये याची सुरुवात झाली. तोवर अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांना मिळणारा जीपीएसचा सिग्नल मुद्दाम ढोबळ करून सोडत होतं. ती अडवणूक त्यांनी उठवली आणि एका रात्रीत जीपीएस कितीतरी पटींनी अचूक झालं. ते किती अचूक झालंय हे बघायला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ३ मे रोजी ओरेगॉन राज्यातल्या झाडीत एक काळी बादली ठेवली आणि तिचं ठिकाण इंटरनेटवर टाकलं. ती बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती आणि आत इतर वस्तूंबरोबर बीन्सचा एक डबाबंद कॅनही होता. आज या खेळाच्या नियमांत जागामालकाच्या परवानगीशिवाय खणायला बंदी आहे आणि खाण्याच्या वस्तूंनाही बंदी आहे. म्हणजे ज्यानं खेळ सुरू केला त्याचाच डबा आज नामंजूर झाला असता! हे नियम शहाणपणानं आधीच बसून लिहिलेले नाहीत. लोक खणायला लागले, जनावरं डबे फोडायला लागली, तसतसे ते आले. आईंना सांग, चिक्की नको. मसाईवर वानरं आहेत, कोल्ही आहेत, मुंग्या तर आहेतच. झाकण कितीही घट्ट असो, वास त्यांना लागतोच.

आता तुझ्या डब्याकडे येऊ. तुझ्या मित्राला वाटतं की मुद्दा त्या वीतभर प्लॅस्टिकच्या डब्याचा आहे. डबा बिचारा नुसता पडून असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नुकसान करतो तो शोध. ते कसं, हे उद्यमनगरातल्या माणसाला समजवायला सोपं जाईल. मोकळ्या आभाळाखाली चांगला फोनसुद्धा पाचेक मीटर इकडे-तिकडे दाखवतो. डबा ठेवताना तू घेतलेला पॉइंट पाच मीटर चुकलेला आणि शोधणाऱ्याचा फोन आणखी पाच मीटर चुकलेला. दोन पार्टचे टॉलरन्स (चालवून घेतलेला मापातला फरक) एकावर एक चढले की काय होतं, ते तुला रोज दिसतं. इथं होतं ते असं: तुझा डबा वीतभर, पण शोधायची जागा दहा मीटर त्रिज्येची. क्षेत्रफळ काढ. ३१४ चौरस मीटर, म्हणजे तीन गुंठे! दगडाखाली लपवलेला डबा म्हणजे तीन गुंठ्यांतल्या प्रत्येक दगडाखाली हात घालण्याचं आमंत्रण. आणि एकानं उलथलेला दगड दुसऱ्याला कळत नाही, तो तोच दगड पुन्हा उलथतो. मामांना जे दिसलं ते हेच.

बरं, दगड उलथला तर बिघडलं काय? वर रस्त्याकडेला पडलेला दगड असता तर मी एवढं बोलले नसते. मसाई हा जांभ्याचा सडा आहे. वर बघावं तर उघडा कातळ, फटींमध्ये कुठे बोटभर माती, कुठे वीतभर. चार महिने पावसाचा मारा आणि बाकीचे आठ महिने ऊन. अशा जागी सावली आणि ओल टिकते ती सुट्या दगडांच्या पोटाखाली. म्हणून सड्यावरची अर्धी वस्ती तिथं राहते. गोम असते, विंचू असतो, पाली असतात, गोगलगायी असतात. नशीब चांगलं असेल तर देवगांडूळही दिसतं. ते गांडूळ नव्हे, बेडकाच्या लांबच्या नात्यातला बिनपायांचा उभयचर प्राणी, आणि सह्याद्रीतल्या त्याच्या कित्येक जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. दगड उचललास की त्याचा ओला तळ उन्हाला लागतो, दहा-पंधरा मिनिटांत सुकतो आणि खालचं बिऱ्हाड उघड्यावर येतं. पुन्हा ठेवताना तो थोडासा जरी फिरला, तरी दगड आणि जमीन यांच्यामधली नेमकी ती फट राहत नाही. अंडी असतील तर चिरडतात.

त्याच दगडाखाली फुरसंही असतं, हे तुमच्या ग्रुपवर कुणी लिहिलं होतं का? दीड-दोन वीत लांब, जांभ्याच्या मातीत मिसळून जाणारा रंग आणि स्वभावानं चिडका. भारतात सर्पदंशानं होणाऱ्या बहुतेक मृत्यूंमागे जे चार साप आहेत, त्यात फुरसं एक. तुझा डबा हातानं चाचपडत शोधणारा एखादा बारा वर्षांचा पोरगा डोळ्यासमोर आण. मसाईवरून खाली उतरायचं, गाडी गाठायची आणि कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात पोहोचायचं. हा वेळ मोजून बघ. तू ज्याला लोकेशन दिलंस त्यानं ते पुढं कुणाला दिलं, हे तुला ठाऊक नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत काळजीची गोष्ट हीच आहे.

डबक्याजवळची जागा का निवडलीस ते समजतं, फोटो छान येतात. पण ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच काठावर गर्दी असते ती बारक्या जिवांची. सीतेची आसवं बघितली असशील, निळी-जांभळी, करंगळीएवढी. कातळावरच्या त्या पाण्यात आणि मातीत पोषण फारसं नसतं, म्हणून या वनस्पतीनं मुळांसारख्या धाग्यांवर बारीक फुगे बाळगलेत आणि त्या फुग्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते. शेजारी पांढऱ्या मण्यांसारखे गेंद, पिवळा कवला, ओलीत वायतुरा आणि फटीत तेरडा. यातल्या बऱ्याचशा वनस्पती एका पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून संपतात. बी धरायच्या आधी पायाखाली गेल्या तर त्या जागी पुढच्या वर्षी टाकायला बीच उरत नाही. फूल तुडवलेलं दिसतं तरी, न पडलेलं बी कुणालाच दिसत नाही. आणि तू डबा उन्हाळ्यात ठेवलास, तेव्हा तिथं टिटवीची घरटी असण्याचे दिवस होते. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. तीन गुंठे धुंडाळणाऱ्याचा पाय कुठे पडेल, काय सांगावं?

आता तुझ्या मित्राचा मुद्दा. गुरं फिरतात, जीपगाड्या फिरतात. दोन्ही एका दावणीला बांधायचं कारण नाही. गुरं त्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या चरतायत आणि सड्यावरचं गवत, फुलं, सगळं त्या चरण्याशी जुळवून राहिलेलं आहे. म्हैस दगड उलथत नाही आणि फोनवर बघून एकाच जागी शंभरदा येत नाही. जीपगाड्यांचं मात्र तुझ्या मित्राचं शंभर टक्के खरं. ओल्या सड्यावर फिरवलेल्या गाडीच्या चाकोऱ्या कित्येक पावसाळे भरून येत नाहीत आणि त्यापुढे तुझा डबा म्हणजे किरकोळ. त्याहून मोठं सांगायचं तर राधानगरी तालुक्यातल्या पठारांवर बॉक्साइटसाठी खाणी निघाल्या. तिथं वरचा कातळच उचलला गेला. ज्याला सड्याची चाड आहे त्यानं या गोष्टींवर बोलायलाच हवं. पण त्यानं गाय मारली म्हणून आपण वासरू मारायचं का? जीपवाल्यांविरुद्ध ग्रामपंचायतीत उभं राहायचं असेल, तर आधी आपल्या हाताखालचे दगड सरळ असलेले बरे.

पावनखिंडीच्या पदभ्रमंतीचंही कुणीतरी काढेल म्हणून आताच बोलते. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्यावरून निसटले ते याच पठारावरून विशाळगडाकडे गेले आणि त्या आठवणीसाठी दर पावसाळ्यात हजारो माणसं ती वाट चालतात. त्या गर्दीचा त्रास पठाराला होत नाही असं नाही. चिखल होतो, प्लॅस्टिक पडतं. तरी ती माणसं एका मळलेल्या वाटेनं जातात. डब्यांची मालिका नेमकं उलटं करते. ती माणसांना दर काही अंतरावर वाटेवरून उचलते आणि बाजूच्या न मळलेल्या सड्यात सोडते. आधीच हजारोंची वर्दळ असलेल्या वाटेवर असं काही करणं म्हणजे आगीत तेल.

परवानगीच्या बाबतीत ॲपवाल्यांनी तुला अडवलं ते बरंच झालं, आणि ग्रुपवर लोकेशन टाकून तू ती अडवणूक मागच्या दारानं ओलांडलीस, हे तुला सांगायलाच हवं. या खेळात दर डबा तपासणारे स्वयंसेवक असतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर, परवानगीशिवाय खणणं नाही, जागेच्या मालकाची संमती, डब्याची देखभाल करायला मालक जवळपास राहणारा हवा, अशा गोष्टी ते बघतात. ते इथल्या सड्याला ओळखत नाहीत हे खरं, पण ‘जागा कुणाची आहे’ हा त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता.

तर जागा कुणाची? मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे. हा दर्जा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मिळतो आणि अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत त्या-त्या ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. म्हणजे विचारायचं कुणाला, याचं उत्तर कायद्यातच आहे: वनविभाग आणि गाव. पन्हाळगडावर तर डबा ठेवायचाच नाही. तो पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांमध्ये त्याचं नाव जागतिक वारसा यादीत गेलंय. तटबंदीच्या सांध्यात सारलेला डबा शोधताना लोक चुना उकरतात, चिरे हलवतात. देवराईतही नको, का ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचार, ती माझ्यापेक्षा नीट सांगतील. मसाईच्या कड्याजवळ खोदलेली लेणी आहेत, तिथंही नको. अशा अंधाऱ्या जागी वटवाघळं राहतात आणि उजेड-गोंगाटानं ती जागा सोडतात. धरण, पूल, गर्दीचं देऊळ, रंकाळ्याचा काठ इथं बेवारस डबा दिसला तर पोलीस पहिल्यांदा काय समजतील, ते मी सांगायला नको. बॉम्बशोधक पथकासमोर ‘हा आमचा खेळ आहे’ असं पटवत उभं राहायची वेळ येऊ नये.

दाजीपूरचं थोडक्यात संपवते, कारण तिथं चर्चेला जागाच नाही. कोल्हापूरच्या महाराजांच्या शिकारीचं ते रान, १९५८ मध्ये अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये हद्द वाढून राधानगरी अभयारण्य झालं, साधारण ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये ते आहे. आत परवानगीनं जायचं, ठरलेल्या रस्त्यानं जायचं आणि आत नेलेलं सगळं बाहेर आणायचं. फोनकडे बघत, मान खाली घालून कारवीत शिरणाऱ्या माणसाची आणि गव्याची समोरासमोर गाठ पडली तर? एरवी गवा आपण होऊन वाटेला जात नाही. पण जवळून दचकलेला टनभर वजनाचा गवा तुझ्या वहीत सही करायला थांबणार नाही. अस्वलं आहेत, ती वेगळीच.

एवढं सगळं ‘नको’ ऐकून तू म्हणशील, मग छंद ठेवू नको असंच म्हणा की. थांब, आता कामाचं सांगते.

या खेळात एक बिनडब्याचा प्रकार आहे, अर्थकॅश. अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेबरोबर २००४ मध्ये तो सुरू झाला. जागेवर काहीही ठेवायचं नसतं. तू पॉइंट देतोस, तिथल्या भूरचनेबद्दल चार गोष्टी लिहितोस आणि एखाद-दोन प्रश्न विचारतोस. येणारा उभ्या-उभ्या निरीक्षण करतो आणि तुला उत्तर पाठवतो. मसाईसाठी यापेक्षा चांगलं काही नाही, कारण तिथली खरी वस्तू पायाखालीच आहे. खालचा काळा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बसाल्ट. गरम आणि दमट हवेत लाखो वर्षं पाऊस मुरत गेला, पाण्याबरोबर सिलिका वाहून गेली आणि मागं राहिलं लोह आणि ॲल्युमिनियम. लोहानं तांबडा रंग दिला. ॲल्युमिनियम जिथं फार साठलं तिथं बॉक्साइट झालं. म्हणजे ज्या कारणानं हा सडा झाला त्याच कारणानं त्याच्यासारख्या सड्यांवर खाणी आल्या! हे तू सरळ लिही. वर जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जिथं डोंगर कापलाय तिथं लोकांना उभं कर आणि विचार: काळा दगड कुठे संपतो, तांबडा कुठे सुरू होतो, मधला थर कसा दिसतो, तांबड्या दगडाला भोकं आहेत का, त्यांत काय भरलंय? बोट लावायचीही गरज नाही. पॉइंट मात्र रस्त्यावरचा किंवा मळलेल्या वाटेवरचा दे. गाडी कुठं लावायची तोही पॉइंट दे, नाहीतर लोक सड्यावरच गाडी घालतात. परवानगी यालाही घ्यायची. आणि माहिती मराठीत लिही, इंग्रजी खाली असू दे. मसाईवर येणारी माणसं आपल्याच जिल्ह्यातली जास्त आहेत.

डबाच हवा, सापडल्याचा तो आनंद हवा, तर डबा माणसांच्या जागेत आण. तुमच्या पाचांपैकी कुणाचं तरी शेत असेल, नसेल तर मामाचं असेल. मला विचारशील तर पन्हाळ्याच्या रस्त्यावरचं एखादं गुऱ्हाळ गाठ. मालकाला सगळं समजावून सांग, पटलं तर तो हो म्हणेल. डबा आंब्याच्या फांदीला दोरीनं अडकव, खिळा मारू नकोस. डोळ्यांच्या उंचीवर ठेव, म्हणजे कुणी जमीन उकरणार नाही. पारदर्शक डबा घे, त्यावर मराठीत लिही की हा खेळाचा डबा आहे, यात धोकादायक काही नाही आणि जागामालकाची परवानगी आहे. आत वही, पेन्सिल (पेन ओलीत दगा देतं), एखादा बिल्ला, एखादं छोटं खेळणं. काडेपेटी, चाकू, औषधाच्या गोळ्या नकोत. शोधायला आलेल्या माणसानं मालकाला रामराम करावा, गरम गूळ चाखावा आणि जाताना चार ढेपा विकत घ्याव्यात, असं माहितीत लिहिलंस तर गुऱ्हाळवाला तुझ्या डब्याची तुझ्यापेक्षा जास्त काळजी घेईल.

स्वतः शोधायला जाशील तेव्हाही हीच रीत. दहा-पंधरा मिनिटांत मिळाला नाही तर ‘सापडला नाही’ अशी नोंद कर आणि परत फिर. त्यात कमीपणा काही नाही, उलट डबा हरवलाय की काय, हे मालकाला त्यावरूनच कळतं. दगडाखाली ठेवलेला डबा आढळला तर मालकाला तसं लिही, भाषा गोड ठेव.

आता मसाईवरचा डबा कसा काढायचा ते ऐक. फुलांचे दिवस संपेपर्यंत थांबावं असं वाटेल, पण थांबू नकोस. तू एकटा एकदा जाऊन येणं हे दर रविवारी येणाऱ्या टोळक्यापेक्षा परवडलं. पाऊस लागलेला नसेल अशा सकाळी जा, कातळ उघडा असेल तिथूनच पाय टाक. डबा उचलण्याआधी काठीनं दगड हलव, हात घालू नकोस. पालथे पडलेले दगड सगळेच सरळ करत बसू नकोस. जो कुठून निघाला ते जमिनीवरच्या खळग्यावरून स्पष्ट दिसतंय तेवढाच अलगद जागी ठेव, बाकीच्यांखाली एव्हाना कुणी नवीन राहायला आलं असेल. आणि काही झालं तरी दगडांचा ढीग रचून खूण करू नकोस.

त्याच दिवशी ग्रुपवर ठळक लिही: ‘मसाईवरचा डबा काढला आहे. शोधायला जाऊ नका.’ ही पायरी विसरलास तर डबा काढून उलटंच होईल. ज्यांच्या फोनमध्ये ते लोकेशन आहे ते जातच राहतील आणि नसलेला डबा माणूस असलेल्या डब्यापेक्षा जास्त वेळ शोधतो. जुना मेसेज पुसायला गेलास तरी पुढं गेलेले मेसेज पुसले जाणार नाहीत. म्हणून ज्यानं-ज्यानं पुढं पाठवला त्याला ‘काढला’ हेही पुढं पाठवायला लाव. इथून पुढं लोकेशन ॲपवरच, मंजुरीनंतरच.

मामांना भेट. माफी-बिफीचं नाटक नको, डबा काढून दाखव आणि अर्थकॅशचा पॉइंट कुठं ठेवावा ते त्यांनाच विचार. टिटवी कुठं बसते, पाणी कुठं साठतं, गाड्या कुठून चढतात, हे त्यांना पाठ आहे. पुढच्या जुलैत पदभ्रमंतीची गर्दी ओसरली की एक रविवार तुमचा ग्रुप वाटेवरचं प्लॅस्टिक गोळा करायला जाऊ दे. असे कचरा उचलण्याचे मेळे या खेळात २००२ पासून भरतात, ॲपवर त्यांची रीतसर नोंद होते. तुझ्या मित्राला त्याचा पुढारी कर. जीपगाड्यांचा राग आहे ना त्याला, मग गाड्या कुठून चढतात त्याचे फोटो काढून ग्रामपंचायतीला अर्ज त्यानंच लिहावा.

अर्थकॅशसाठी वनक्षेत्रपालांना अर्ज करशील तो एका पानात बसव: काय करणार, कुठं उभं राहायचं तो पॉइंट नकाशावर, जागेवर काहीही ठेवणार नाही हे स्पष्ट, जून ते ऑक्टोबर नोंद बंद ठेवायची तयारी आणि तक्रार आली तर त्याच दिवशी ती उतरवायची हमी. एक प्रत ग्रामपंचायतीला दे, पोच घे. उत्तराला वेळ लागेल, रेटा लावू नकोस. तोवर गुऱ्हाळवाल्याशी बोलून घे. दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू झाला की त्याला बोलायला फुरसत मिळायची नाही.